हलकी सिंगल नेक पेडल स्टील हवीये, पाठीला झेपेल अशी. आणि ट्यूनिंग ई-९ घेऊ, सी-६ घेऊ की बारा तारांची?

लॅपवाली

मंडळी नमस्कार, बरेच दिवस नुसती वाचत होते आज पहिल्यांदाच विचारतेय. गेली आठ वर्षं सहा तारांची लॅप स्टील (मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी बार सरकवत वाजवायची गिटार) वाजवते, सी-६ ट्यूनिंग, म्हणजे वरून खाली ई सी ए जी ई सी. आता पेडल स्टीलचं, म्हणजे तिच्याच पायांवर उभ्या, पेडल आणि गुडघ्याच्या लिव्हरनी तारांचे सूर बदलणाऱ्या बहिणीचं, वेड डोक्यात शिरलंय आणि काही केल्या जात नाहीये. मध्ये एका ओळखीच्यांची डबल नेक (तारांचे दोन संच, एक ई-९ एक सी-६) दोन आठवडे घरी आणली होती. वाजवायला स्वर्ग, पण केससकट उचलताना पाठीतून अशी कळ गेली की पुढचे तीन दिवस आडवी. मणक्याचं जुनं दुखणं आहे, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की एका वेळी १२-१३ किलोच्या वर काही उचलायचं नाही. महिन्यातून एकदोनदा बाहेर वाजवायला जाते, आणि उचलून द्यायला दर वेळी कोणी असतंच असं नाही.

तर सिंगल नेकच घ्यायची हे नक्की. डोळ्यासमोर तीन आहेत. एक जुनी दहा तारांची, अरुंद बॉडीची, तीन पेडल आणि चार नी-लिव्हर, ई-९. दुसरी नवी, तीन पेडल पाच लिव्हर, पण बॉडी डबल नेकएवढी रुंद आणि दुसऱ्या नेकच्या जागी हात टेकायला गादी. तिसरी बारा तारांची युनिव्हर्सल. तिचा मालक म्हणतो हिच्यात ई-९ पण आहे आणि सी-६ पण, दोन गिटारी एकीत.

खरा घोळ ट्यूनिंगचा आहे. आठ वर्षं हाताला बसलेलं सी-६ टाकून द्यायचं जिवावर येतं. पण जो आवाज ऐकून मी या वाद्याच्या नादाला लागले, तो रडका, तारा एकमेकींतून सरकत जातात तो, तो ई-९ चाच आहे असं सगळे सांगतात. काय करू? आणि हलक्या गिटारींचा आवाज पण हलका असतो म्हणतात ते खरंय का? उंची पाच फूट एक इंच, त्याचाही काही संबंध असेल तर सांगा.

तिसरी_तार

ताई, पहिलं पाठीचं बोलू, ट्यूनिंगचं नंतर.

डबल नेक केससकट ३० किलोच्या आसपास जाते, जुन्या काही तर त्याच्याही वर, त्यामुळे तुमची पाठ गेली यात नवल काहीच नाही, माझी धडधाकट असून कुरकुरते. अरुंद बॉडीची सिंगल नेक नुसती साधारण ११ ते १४ किलो भरते. रुंद बॉडीची गादीवाली त्याहून दोनतीन किलो जास्त. पण हे सगळे आकडे केसशिवायचे बरं का! लोक इथेच फसतात. जाहिरातीत गिटारचं वजन लिहितात आणि केस लाकडी, ती एकटीच सहासात किलो. मग त्यात पाय, पेडल बार, पेडलच्या सळ्या, बार, व्हॉल्यूम पेडल, वायरी असं सगळं आपण कोंबतो आणि झाली परत २५ किलो.

माझा उपाय असा की पाय, पेडल बार आणि सळ्या वेगळ्या पिशवीत, व्हॉल्यूम पेडल आणि वायरी तिसऱ्या पिशवीत, आणि गिटारला जाड फोमची मऊ बॅग. एका खेपेऐवजी तीन खेपा होतात, होऊ देत. खेपा वाढल्या म्हणून आजवर कोणाची पाठ गेलेली नाही. मऊ बॅगेत एकच काळजी, नी-लिव्हर खाली घडी होऊन नीट बसलेत का बघायचं. त्यांच्यावर वजन पडलं की ते वाकतात आणि मग रडत बसायचं.

अजून एक, अँप. गिटार ११ किलोची घेतली आणि अँप २० किलोचा, तर उपयोग काय? पेडल स्टीलला भरपूर क्लीन हेडरूम (आवाज न फाटता वाढवायची जागा) लागते म्हणून पूर्वीचे लोक पंधरा इंची स्पीकरचे अवजड कॉम्बो वापरायचे. आता क्लास-डी पॉवरचे हेड आणि निओडिमियम मॅग्नेटचे स्पीकर आलेत, वजन निम्म्याच्याही खाली येतं. बजेट दोघांत मिळून लावा, सगळं गिटारमध्ये घालू नका.

ट्यूनिंग ई-९. विषय संपला. 😄

बरं थोडं समजावून सांगतो. तुम्ही म्हणता तो आवाज मुळात जन्मला कसा बघा. १९५३-५४ मध्ये अमेरिकन कंट्री गायक वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ गाण्यात पेडल स्टील वादक बड आयझॅक्सनं तार छेडली आणि ती वाजत असताना पेडल दाबलं. पेडल असलेल्या गिटारी त्याआधीही होत्या, पण लोक पेडल वापरायचे ट्यूनिंग बदलायला, म्हणजे आधी दाबा मग वाजवा. याने बदल ऐकू येऊ दिला. एक सूर जागेवर आणि त्याच्या अंगावरून दुसरे दोन वर चढतात, ही मींड बार सरकवून येतच नाही, कारण बार सगळ्या तारांना एकदम ओढून नेतो. ई-९ चे ए आणि बी पेडल म्हणजे हीच गोष्ट. ए पेडल बी च्या तारा सी शार्पला नेतं, बी पेडल जी शार्पच्या तारा ए ला नेतं, आणि ई तिथेच. दोन्ही एकत्र दाबले की ई मेजरचा ए मेजर. हे एकदा पायाखाली आलं की माणूस कामातून गेला.

सी६_भक्त

आले ई-९ वाले. कोणी हलकी गिटार विचारो नाहीतर खुर्ची, उत्तर ई-९ च.

ताई, तुम्ही सी-६ च्या माणूस आहात. दहा तारांची पेडलवाली सी-६ घ्या ना! वरून जी ई सी ए जी ई सी ए एफ सी, म्हणजे तुमच्या सहाच्या सहा तारा मधे जशाच्या तशा बसलेल्या, वर एक आणि खाली तीन जास्तीच्या. पहिल्या दिवसापासून वाजवाल. आणि पेडल दाबले की जे कॉर्ड निघतात ते ई-९ वाल्यांच्या स्वप्नात पण येत नाहीत. सातवं पेडल ए चा बी करतं आणि सी चा डी करतं, झाला मेजर नाइन्थ. सहावं पेडल वरचा ई चढवून एफ करतं आणि खालचा ई उतरवून ई फ्लॅट, खाली एफ ची तार आहेच, एफ सेव्हन तयार. स्विंग, जुनी जॅझची गाणी, सावकाश बॅलड, सगळं यात आहे. रडका आवाज दोन तास ऐकला की मलाच रडू येतं.

फक्त प्रामाणिकपणे सांगतो, नुसत्या सी-६ ची सिंगल नेक सेकंडहँड शोधायला वेळ लागतो. बहुतेकांची सी-६ डबल नेकच्या मागच्या नेकवर असते. आणि सी-६ ला पाच पेडल लागतात, म्हणजे दोन जास्तीचे पेडल, त्यांच्या सळ्या, शाफ्ट, क्रँक, थोडं वजन वाढतं.

तिसरी_तार

म्हणजे मिळत नाही आणि मिळाली तर जड. वा.

सी६_भक्त

थोडं वाढतं म्हटलं मी. वाचायला शिका.

खटपट्या

भांडण चालू द्या, मी तोवर लाकडाचं आणि लोखंडाचं बोलतो. गेली बरीच वर्षं या गिटारी उघडून दुरुस्त करतोय, स्वतः दोन बनवल्यात, त्यातली एक भिकार झाली.

हलक्या गिटारचा आवाज हलका असतो का? सरसकट नाही. आवाज बॉडी किती किलोची आहे यापेक्षा चेंजर (तारा ओढून-सोडून सूर बदलणारी उजव्या टोकाची यंत्रणा) कसा बसवलाय, नट (डावीकडे तारा टेकतात तो भाग), पिकअप आणि वाजवणाऱ्याचा हात यांवर जास्त ठरतो. मेपलच्या गिटारी वाजतात छान, पण एमएसए कंपनीची मिलेनियम तर कार्बन फायबरची होती आणि ती वाजवणारे लोक काही टिनाचा डबा म्हणून वाजवत नव्हते. वजन खरं कमी कुठून होतं सांगतो. बॉडीची जाडी आणि रुंदी, मग एंड-प्लेट, मग खालची सगळी यंत्रणा, स्टीलचे शाफ्ट की अॅल्युमिनियमचे, क्रँक भरीव की पोखरलेले. यातून तीनचार किलो सहज जातात. कीलेस असेल तर खुंट्यांचं डोकंच जातं, गिटार आखूड होते, केस पण लहान लागते. गाडीत आडवी मावते हा वेगळा फायदा.

हलकेपणाची किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागते, तिला म्हणतात कॅबिनेट ड्रॉप. तुम्ही पेडल दाबता तेव्हा पाय बॉडीला खाली ओढत असतो आणि तार चढताना तिचा ताण पण वाढतो. बॉडी केसभर वाकते, आणि ज्या तारांना पेडलनी हातही लावलेला नाही त्या उतरतात. म्हणजे तिसरी_तार म्हणाला ना की ई तिथेच राहतो, तो तिथेच राहत नाही 🙂 प्रत्येक गिटारमध्ये हे थोडंफार होतंच. प्रश्न किती.

बघायला जाल तेव्हा क्लिप ट्यूनर नको, वायरनं जोडायचा घेऊन जा. चौथी तार, ई, छेडा, काटा स्थिर होऊ द्या, मग ए आणि बी दोन्ही पेडल पूर्ण दाबा आणि ई किती उतरला ते बघा. दोन-चार सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरला तर उत्तम, कानाला कळणार नाही. पाच-सहा म्हणजे चालवून घेता येतं. दहाच्या वर गेला तर मालक कितीही गोड बोलो, उठून या. आठव्या तारेवर पण तेच करा, तिथे बहुधा जास्तच दिसतं.

दुसरी तपासणी, तार परत जागेवर येते का. तिसरी तार बी पेडलनं चढवा, सोडा, ट्यूनर बघा. मग ई उतरवायचा लिव्हर दाबा, सोडा, परत बघा. जिथून निघाली तिथेच परत यायला हवी. येत नसेल तर कधी नुसती घाण आणि वाळलेलं तेल असतं, साफ केलं की सुटतं, कधी चेंजरची बोटं झिजलेली असतात, तो मात्र खर्च आहे. उजव्या टोकाला प्लॅस्टिकचे षटकोनी नट दिसतील, पेडलचे सूर तिथे लावतात, तो प्रत्येक नट फिरतो का बघा. आणि डाव्या बाजूचे रोलर बोटानं फिरवून बघा. अडकलेला रोलर तार खातो, विशेषतः तिसरी. ती ०.०११ ची असते आणि सगळ्यांत जास्त ताणलेली, तीच तुटते, कायम, कार्यक्रमाच्या मध्यात.

तिसरी_तार

नाव उगाच नाही घेतलेलं.

खटपट्या

उंचीचं राहिलं. संबंध आहे. पायांची खालची नळी आत-बाहेर होते त्यामुळे गिटार खाली घेता येते, पण मग पेडलच्या सळ्या पण तेवढ्याच आखूड लागतात, नाहीतर पेडल जमिनीला टेकतात. सळ्या बदलणं सोपं आहे. गुडघा मात्र लिव्हरपर्यंत पोचायला हवा, न पसरता. नेहमी बसता ती खुर्ची किंवा स्टूल बरोबर घेऊन जा. मी चेष्टा करत नाही, चार इंच उंच खुर्चीवर बसून गिटार पसंत करतात आणि घरी आल्यावर म्हणतात लिव्हर लागत नाही.

गुडघेदुखी

बारा तारांच्या युनिव्हर्सलबद्दल मी सांगतो कारण मी घेतली होती, अडीच वर्षं वाजवली आणि विकली.

कल्पना अतिशय हुशार आहे यात वाद नाही. वरच्या आठ तारा ई-९ च्याच, एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, आणि खाली बी, जी शार्प, ई, बी. चौथ्या आणि आठव्या तारेचा ई अर्धा सूर उतरवणारा लिव्हर दाबून धरला की पूर्ण गिटारचं बी-६ होतं. म्हणजे सी-६ च, एक फ्रेट खाली. काहींना त्या लिव्हरला खिट्टी असते, लावून ठेवली की गुडघा मोकळा. तेव्हा मालक खोटं बोलत नाहीये.

पण वजन बघा. साधारण सात पेडल आणि पाच लिव्हर असतात, त्यांची सगळी यंत्रणा, रुंद नेक, जास्त तारांचा जास्त ताण म्हणून भक्कम बॉडी. माझी नुसती गिटार १६ किलोच्या वर होती. ताईंची १२-१३ ची मर्यादा तिथेच संपली. दुसरं म्हणजे, ई-९ ची नववी तार डी असते, तिच्यामुळे सेव्हन्थ कॉर्ड आयता मिळतो. युनिव्हर्सलमध्ये त्या जागी बी असतो आणि डी साठी एक लिव्हर खर्ची पडतो. ई-९ चे धडे, व्हिडिओ, टॅब सगळे दहा तारांचे, त्यामुळे नवव्या-दहाव्या तारेवर आलं की मनात भाषांतर करत बसायचं. शिकताना हे फार जाचतं. ज्यांना आधीपासून दोन्ही ट्यूनिंग येतात त्यांच्यासाठी ती गिटार सोनं आहे, नव्या माणसाला मी तरी देणार नाही.

नावाप्रमाणे गुडघ्याचं पण सांगतो, पेडलांचा क्रम दोन प्रकारचा असतो. डावीकडून ए बी सी असेल तर एमन्स सेटअप, उलटा सी बी ए असेल तर डे सेटअप, बडी एमन्स आणि जिमी डे या दोन वादकांच्या नावावरून. लिव्हरची दिशा पण त्यानुसार बदलते. एमन्समध्ये ई चा एफ करणारा लिव्हर बहुधा डावा गुडघा डावीकडे नेऊन, डे मध्ये उजवीकडे. माझा गुडघा बाहेरच्या बाजूला दुखतो म्हणून मी डे वर गेलो आणि सुखी आहे. बहुसंख्य लोक एमन्स वाजवतात, शिकवणारेही. पण पाठीचं दुखणं असेल तर दोन्हीवर अर्धा तास बसून बघा, कुठे कंबर वळते ते लगेच कळतं.

लॅपवाली

बापरे, एवढं सगळं एका दिवसात. सगळ्यांचे आभार. युनिव्हर्सल यादीतून काढली, वजनामुळेच काढली, बाकी मोह आहेच.

म्हणजे आता पहिली आणि दुसरी उरली. दुसरीची गादी बघून मन तिकडे जातं, मनगट टेकायला बरं ना? आणि सी६_भक्त, तुमचं पटतं हो, पण तशी एकही हलकी मला सापडली नाहीये, महिनाभर शोधतेय. ई-९ घेतली तर आठ वर्षांचं सगळं पाण्यात का, एवढं एकच कोणीतरी सांगा.

तिसरी_तार

पाण्यात नाही. हेच लिहायला आलो होतो, काल भांडणात राहून गेलं.

ताई कागद घ्या. ई-९ च्या तारा वरून: एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी, बी. आता ई उतरवायचा लिव्हर दाबा, चौथी आणि आठवी डी शार्प झाल्या. मग चौथी, पाचवी, सहावी, सातवी, आठवी आणि नववी सोडून दहावी वाचा. डी शार्प, बी, जी शार्प, एफ शार्प, डी शार्प, बी.

आता प्रत्येक सूर अर्धा सूर वर नेऊन वाचा. ई सी ए जी ई सी.

ही तुमची लॅप स्टील आहे, सप्तकांसकट तीच, फक्त एक फ्रेट खाली लावलेली. जे सी मध्ये उघड्या तारांवर वाजवता ते इथे पहिल्या फ्रेटवर, पाचव्यावरचं सहाव्यावर. आठ वर्षांतली प्रत्येक हरकत त्या एका गुडघ्यामागे ठेवलेली आहे. युनिव्हर्सल जे बारा तारांत करते त्यातला तुमच्या कामाचा भाग दहा तारांत आहेच. नाही ते खालचे खर्जातले सूर आणि सी-६ चे पेडल, ते भक्तांनाच लखलाभ.

सी६_भक्त

हे मात्र बरोबर बोलला. मान्य. जाडे कॉर्ड मिळणार नाहीत पण लॅपचं सगळं मिळेल. नववी तार मधे लुडबुड करेल तेवढी सवय करावी लागेल.

लॅपवाली

अहो!!! हे मला कोणी आधी का नाही सांगितलं. आत्ता कागदावर तीनदा लिहून बघितलं. खरंच आहे.

खटपट्या

गादीचं राहिलं. गादीवर वाजवताना हात टेकत नाहीत, टेकून वाजवलं तर व्हायब्रेटो मरतो. दोन गाण्यांच्या मधे टेकायला बरी, आणि डबल नेकवरून आलेल्यांना अंतर ओळखीचं वाटतं म्हणून आवडते. तुमच्या उंचीला अरुंद बॉडी उलट बरी पडेल. रुंदवर गादी मधे आल्यानं तारा पुढे जातात आणि बुटकी माणसं वाकून वाजवायला लागतात. पाठीला तेच नको. अरुंद बॉडीचा एक तोटा, पुढचे-मागचे पाय जवळ असतात, गिटार हलकी असते, त्यामुळे गुडघा जोरात मारला की ती सरकते. खाली रबरी चटई टाका, आणि मुळात गुडघा जोरात मारायचाच नसतो.

चार लिव्हर की पाच याचा फार विचार नको. ई चढवणारा, ई उतरवणारा, दुसरी तार डी शार्पवरून डी आणि पुढे सी शार्पपर्यंत उतरवणारा, आणि उरलेला एक. त्या एकावर बहुधा पहिली आणि सातवी एफ शार्प चढवतात, किंवा पाचवी बी चा बी फ्लॅट करतात. पाचवा नंतर बसवता येतो, जुन्या गिटारला पण, सुटे भाग मिळत असतील तर. फक्त एकदोन लिव्हरच्या शिकाऊ गिटारी मात्र टाळा. सत्तरच्या दशकातली शो-बड मॅव्हरिक दिसायला देखणी आणि हलकी, पण तीन पेडल आणि लिव्हर एकच. तुम्हाला ई वर-खाली दोन्ही हवंय, तुमचं सी-६ त्या लिव्हरवर टांगलेलं आहे. आणि जुन्या फेंडर पण हलक्या म्हणून दाखवतील, फेंडर ४०० वगैरे, त्या आठ तारांच्या आणि तारेच्या केबलवर चालणाऱ्या. आवाज सुंदर, पण जो ई-९ तुम्ही शिकणार तो त्यांच्यावर पूर्ण बसत नाही.

गुडघेदुखी

सूर लावण्याबद्दल कोणी बोललंच नाही, आणि पहिल्या आठवड्यात लोक तिथेच खचतात. ट्यूनरवर सगळे सूर बरोबर शून्यावर लावले आणि ए-बी पेडल दाबले की कॉर्ड खडबडीत लागतो, मग वाटतं गिटार खराब आहे. तसं नसतं. तानपुऱ्यात जो गंधार आपोआप ऐकू येतो तो कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. पेडल स्टीलवर आवाज लांबतो, बीट्स (दोन सूर जुळले नाहीत की येणारी थरथर) स्पष्ट ऐकू येतात, म्हणून बहुतेक जण जी शार्प तेवढी खाली लावतात, ए पेडलचा सी शार्प पण साधारण तसाच, कारण तो ए कॉर्डचा गंधार. आणि ए पेडलबरोबर एफ लिव्हर (ई चा एफ करणारा) लावला की सी शार्पचा मेजर होतो, त्यात एफ हा उतरलेल्या सी शार्पचा पुन्हा गंधार, म्हणून तो दुप्पट खाली, ३० सेंटच्या जवळ. पहिल्यांदा ट्यूनरवर बघून धसका बसतो, कानाला मात्र लोण्यासारखं लागतं. कॅबिनेट ड्रॉपमुळे काही जण मूळ ई दोनतीन सेंट चढाच ठेवतात, की पेडल दाबल्यावर तो बरोबर जागी येतो.

आणि जी मेजर तिसऱ्या फ्रेटवर पेडल न लावता, सहाव्यावर ए आणि एफ लिव्हर लावून, दहाव्यावर ए-बी लावून, तिन्ही जागी ऐकून बघा. तिन्ही गोड लागले तर गिटार पण बरी आणि सूरही बरे लागलेत.

लॅपवाली

काल जाऊन आले, पहिलीच बघायला. स्टूल घेऊन गेले, मालक आधी हसले मग म्हणाले असं करणारं पहिलंच गिऱ्हाईक. वजनकाटा पण नेला होता, गिटार पायांशिवाय १२ किलो १०० ग्रॅम. लाकडी केस त्यांच्याकडेच ठेवा म्हटलं. ए-बी दाबून चौथी तार ४ सेंट उतरली, आठवी ५. तिसरी तार चढून बरोबर परत येते. ई उतरवणारा लिव्हर सोडल्यावर मात्र आठवी दोन सेंट चढी राहते, परत एकदा हलवला की जागेवर. पाचव्या तारेचा रोलर जॅम होता, बाकी फिरतात. पेडलच्या सळ्या आखूड कराव्या लागतील, गुडघे पोचतात.

आणि मग लिव्हर दाबून पहिल्या फ्रेटवर माझं नेहमीचं गाणं वाजवलं. दोन-तीन ठिकाणी नववी तार मधे ठणठणली, मालकांनी विचारलं हे काय नवीनच, पण बाकी सगळं तेच, माझंच. मग मधेच गुडघा सोडून ए-बी दाबले. त्यानंतरचं काही लिहिता येत नाही. बयाणा देऊन आले.

दोन सेंट चढी राहणं म्हणजे काय, झिजलंय का घाण? आणि लिव्हर सतत धरून गुडघा भरून येतो, त्याचं काय करायचं?

खटपट्या

परत हलवल्यावर जागेवर येते म्हणजे बहुतेक घाण. चेंजरच्या बोटांच्या मधे हलक्या तेलाचा एकेक थेंब, लिव्हर पन्नास वेळा हलवा, फडक्यानं पुसा, दोन दिवस तेच करा. आधी जुनं वाळलेलं तेल काढायला लायटरचं पेट्रोल थेंबभर चालतं, पिकअपवर सांडू नका आणि खिडक्या उघड्या ठेवा. त्यानेही नाही गेलं तर आठव्या तारेच्या उतरवणीची स्प्रिंग थोडी ताणावी लागेल, खालून फोटो काढून टाका, कुठली ते दाखवतो. रोलर काढून पुसून परत बसवा, क्रम चुकवू नका, काही गिटारींत प्रत्येक तारेचा रोलर वेगळ्या मापाचा असतो.

तिसरी_तार

गुडघा भरतो कारण तुम्ही तो ढकलून ठेवताय. टाच जमिनीवर पक्की ठेवून मांडी नुसती कलती सोडायची. महिन्याभरात कळेनासं होतं. नवव्या तारेचं म्हणाल तर उजव्या तळव्याची कड तिच्यावर हलकेच टेकवून ठेवा. आणि ०.०११ च्या चार तारा जास्तीच्या घेऊन ठेवा, आत्ताच.

सी६_भक्त

बयाण्याबद्दल अभिनंदन. सहा महिन्यांनी सी-६ ची दुसरी गिटार शोधायला याल तेव्हा मी इथेच आहे.